वजा एक

१

बाबांची सकाळची गोळी झाली, चहा झाला, वर्तमानपत्रातल्या चुकांभोवती लाल पेनाने गोल काढून झाले, की साडेनऊला माऊ कामाला बसायची. माऊ हे काही तिचं खरं नाव नव्हे. बेचाळीस वर्षांच्या, जाड चष्म्याच्या, लिफ्टच्या पॅनेलसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईला असं कोण हाक मारेल? पण बाबा मारायचे. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेल्या त्या माणसाच्या डोक्यातून आता एकेक नाव गळून चाललं होतं. आईचं गेलं, दादाचं अधूनमधून जायचं, एकदा तर स्वतःचंच गेलं होतं. माऊ तेवढी टिकली होती, आणि तिला त्याचा मनातून अभिमानही होता.

गेल्या हिवाळ्यात बाबा घराबाहेर पडले आणि पाच तासांनी बस डेपोत सापडले. वेळापत्रकाच्या फलकावर लाल पेनाने दुरुस्त्या करत उभे होते. दादा परगावाहून धावत आला आणि सरळ म्हणाला, "हे बघ, पुन्हा एकदा असं झालं तर मी यांना वृद्धांच्या संस्थेत नेऊन ठेवणार. फॉर्म भरून ठेवलाय. तेव्हा रडायचं नाही." तेव्हापासून माऊने ऑफिसातून घरून काम करायची परवानगी काढली, दाराला आतून कुलूप बसवलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. बाबा आपल्याजवळच राहिले पाहिजेत, एवढी एकच गोष्ट तिला या जगाकडून हवी होती.

कामासाठी ती जे वापरायची त्याला सगळे 'पाटी' म्हणायचे. पाटी म्हणजे एक चिमुकला एडिटर: प्रोग्रॅम लिहायची, खोडायची, जपून ठेवायची जागा. एखाद्या फोटोचंही वजन त्याच्यापेक्षा जास्त भरावं. इन्स्टॉल करायला नको, परवाने नकोत. पेन ड्राइव्ह खोचला की जुन्या-नव्या कुठल्याही यंत्रावर निमूट चालायचा. कंपनीच्या लॅपटॉपवर नवीन काही टाकायला सक्त मनाई होती, त्यामुळे पाटीवाचून माऊचं पान हलत नसे. ती लिहिली कोणी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सोबतच्या सोर्स फाइलच्या, म्हणजे जिच्यात पाटीचा मूळ प्रोग्रॅम लिहिलेला होता तिच्या, डोक्यावर एवढंच होतं: 'हे कोणाचंही नाही. मी सगळे हक्क सोडले आहेत. घ्या, हवं तसं बदला, पुढे द्या.' नाव नाही, तारीख नाही. अठरा वर्षांपूर्वी माऊ नोकरीला लागली, तेव्हा तिच्या वरच्या साहेबांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, पहिल्याच दिवशी ती तिच्या हातावर ठेवली होती.

पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक आकडा असायचा. 'बघणारे: १'. जुन्या काळी एकाच मोठ्या यंत्रावर चार-चार माणसं काम करत आणि एकमेकांच्या फाइली पुसून टाकत. म्हणून ज्याने कोणी पाटी लिहिली त्याने ही सोय करून ठेवली होती. ही फाइल या घडीला किती जण उघडून बघताहेत, ते कळावं. माऊच्या फाइली तिच्याशिवाय कोण बघणार? अठरा वर्षं त्या कोपऱ्यात १ होता.

त्या मंगळवारी तिथे २ होता.

२

घाबरली वगैरे मुळीच नाही. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं असल्या गोष्टींना घाबरत नाहीत, चिडतात.

आधी तिने ऑफिसातल्या जोडीदाराला फोन करून झापलं, "माझ्या फाइलीत काय डोकावतोयस?" तो बिचारा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवा होता. मग तिने नेटची वायर काढली. २. फाइल बंद करून कोरी, एकही अक्षर नसलेली नवी फाइल उघडली. २. लॅपटॉप बंद केला, दहा मोजले, चालू केला. बघणारे: २.

"कुठेतरी जुनी नोंद अडकलीय," ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणी नसताना मोठ्याने बोलायची सवय तिला बाबांमुळे लागली होती. आवाज ऐकू येत राहिला की ते निवांत असायचे.

दुपारी बाबा अनवाणी, आवाज न करता मागे येऊन उभे राहिले. माऊला ते कळलं कोपऱ्यातल्या आकड्यावरून. २ चा ३ झाला होता. ती गर्रकन वळली.

"इथे स्वल्पविराम राहिलाय," बाबा पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. आणि खरंच राहिला होता.

"बाबा, जरा दाराबाहेर जाऊन पुन्हा येता?"

"का? काय झालं?"

"गंमत आहे. या ना."

बाबा बाहेर गेले, आकडा २ झाला. आले, ३ झाला. चार वेळा केलं. बाबांना तो खेळ आवडला, हसायला लागले. माऊही हसली, पण हसता हसता तिने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी तपासली. ती गेल्या वर्षीपासून जागच्या जागी होती.

तेव्हा हा आकडा फाइल उघडणाऱ्यांचा नव्हताच. पडद्याकडे बघणाऱ्या डोळ्यांचा होता. कसा, ते तिला कळेना, आणि न कळणारी गोष्ट नीट चालत असेल तर तिच्या धंद्यातले लोक तिला हात लावत नाहीत. उलट तिच्या मनात पहिला विचार आला तो सोयीचा: बाबा मागे आले की आता मला न वळता कळेल.

दुसरा विचार यायला संध्याकाळ झाली. बाबा एक. मी एक. मग तिसरा कोण?

३

दुसऱ्या दिवशी तिने पद्धतशीर शोध घेतला. चूक कुठे आहे ते सापडत नसेल तर निम्मं निम्मं करत जायचं, हा तिच्या कामाचा साधा नियम. तिने खोलीचं निम्मं निम्मं केलं.

लॅपटॉप उचलला, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली. आता पडद्यासमोर तिच्याशिवाय आणि भिंतीशिवाय काही नव्हतं. बघणारे: १. टेबलाशी परत गेली, खिडकीकडे तोंड, खोलीकडे पाठ. २. दार लावून घेतलं. २. कपाट उघडं टाकलं, पडदे काढून घडी करून ठेवले, स्टूल बाहेर नेऊन ठेवलं. खोलीत टेबल, खुर्ची आणि ती. २. मग तिने खुर्चीमागे हातभर अंतरावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अंथरायची चादर खिळ्यांनी ठोकली आणि तिच्या आत बसली. २.

म्हणजे जे काही होतं, ते चादर आणि तिची पाठ यांच्यामध्ये मावत होतं.

भिंतीला पाठ लावून काम करावं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. चाचणीसाठी ऑफिसने दिलेलं लिफ्टचं पॅनेल टेबलावर स्क्रूने पक्कं बसवलेलं, त्याची वायर जेमतेम दोन वीत. तेव्हा खोलीकडे पाठ करूनच बसावं लागे. ती बसे. टाइप करताना मध्येच थांबे आणि कान देऊन ऐके. बाहेर इमारतीची लिफ्ट चढे-उतरे, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवे, बाबांच्या खोलीतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज येई. मागे मात्र काही नसे. श्वासाचासुद्धा आवाज नसे, आणि नेमका त्याचाच तिला त्रास होई; कारण एवढ्या जवळ उभं राहून कुणी श्वास घेत नाही म्हणजे काय?

शुक्रवारपर्यंत तिची मान लाकडाच्या ओंडक्यासारखी झाली.

४

शेवटी तिने मास्तरांना फोन केला. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती आणि अजूनही फोन उचलल्यावर आधी समोरच्याची एखादी चूक काढत.

"तू साडेचारला फोन करतेस म्हणजे काम होत नाहीये," ते म्हणाले. "बोल पोरी."

"मास्तर, तुम्ही मला पाटी दिली होतीत ना, तिच्यात एक गडबड आहे. कोपऱ्यातला आकडा एकाने जास्त दाखवतोय."

पलीकडे लागलेला रेडिओ बंद झाला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "दोन दाखवतोय?"

"हो."

"एक वजा कर आणि मोकळी हो. सोर्स आहे तुझ्याकडे. दोन मिनिटांचं काम."

"पण असं का होतं?"

"का ते शोधत बसू नकोस. आम्ही नाही शोधलं. मीही एक वजाच केला होता."

"कधी?"

"झाली की वर्षं. ही होती तेव्हा." आणि लगेच, "ठेवतो. औषधाची वेळ झालीय."

मास्तर बायकोला 'ही' म्हणायचे. माऊ नोकरीला लागायच्या थोडं आधी त्या एक दिवस घरातून नाहीशा झाल्या होत्या, त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. ऑफिसात तेव्हा लोक हळू आवाजात काय काय बोलायचे. कुणाबरोबर गेली म्हणायचे, जिवाचं बरंवाईट केलं म्हणायचे. मास्तरांनी कधी चकार शब्द काढला नाही. माऊला आता ते आठवलं आणि उगाच फोन केला असं वाटलं.

५

पाटीचा सोर्स तिने अठरा वर्षांत एकदाही उघडून पाहिला नव्हता. गरजच पडली नव्हती. जेमतेम दीड हजार ओळी, स्वच्छ, नीटनेटक्या. लिहिणाऱ्याचा हात चांगला होता. आकडा छापणारी ओळ शोधायला वेळ लागला नाही. पण ती ओळ वाचून माऊ खुर्चीत मागे टेकली.

संख्या - १ - १ - १ - १ - १ - १ - १

तिने पुन्हा मोजलं. सात. एका माणसाने लिहिलं असतं तर सरळ वजा सात लिहिलं असतं. असं कोण लिहितं? हे सात हातांचं काम होतं. पाटी ज्याच्या ज्याच्या हातात गेली, त्याने आपापला एक वजा केला, आधीच्याला धक्का न लावता, आणि पुढे दिली. चालत्या गोष्टीला हात लावू नये, शेवटी आपलं ठिगळ जोडावं, ही खोड सगळ्यांचीच. मास्तरांचं ठिगळ म्हणजे सातवं.

एक वेडा मोह झाला. सगळी सात पुसून बघितली तर? नुसतं बघायला. पण बटणावर ठेवलेलं बोट तिने उचललं. खोली छोटी होती. एवढी माणसं मावली नसती.

तिने ओळीच्या शेवटी आपलं एक '- १' लिहिलं. पाटी नव्याने कंपाइल केली, म्हणजे बदललेल्या ओळींवरून पुन्हा बांधली, आणि उघडली.

बघणारे: १.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला. मान मोकळी झाली. ती उठली, चादर काढून घडी केली, पडदे परत लावले, आणि बाबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या कपाळावर ओठ टेकले.

"काय गं, आज खुशीत?" बाबा म्हणाले.

"एक चूक सापडली बाबा."

"सापडली ना? मग झालं तर," जन्मभर चुका शोधलेला माणूस समाधानाने म्हणाला.

६

पुढचा आठवडा इतका सुरळीत गेला की सांगण्यासारखं त्यात काही नाही. फक्त बुधवारी बाबा मागे येऊन उभे राहिले आणि आकडा हलला नाही.

माऊ दचकली ती त्यांच्या आवाजाने. "माऊ, चहा ठेवतेस?" ती वळली. बाबा हातभर अंतरावर, पडद्याकडेच बघत उभे. कोपऱ्यात १. तिने त्यांना बाहेर पाठवलं, आत बोलावलं. १ तो १च.

"आता नाही का गंमत?" बाबांनी विचारलं.

"बिघडली," ती म्हणाली. वजाबाकी कुठेतरी चुकीच्या जागी बसली असणार, असं तिने स्वतःला समजावलं. सवडीने बघू.

गुरुवारी ती औषधं आणायला खाली गेली. अशा वेळी शेजारीण येऊन बसायची. बाई धीराची, गडबडून जाणारी नव्हे. माऊ परतली तर शेजारणीच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"अगं, कुठे गेले तुझे बाबा? मी दारातून हलले नाही गं, शपथ! खोलीत बघितलं, बाथरूममध्ये बघितलं..."

माऊ पिशवी टाकून आत धावली. बाबा आपल्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रावर गोल काढत होते.

"हे काय, इथेच तर आहेत!"

शेजारीण दारात आली. खुर्चीकडे बघितलं. माऊकडे बघितलं. मग पुन्हा खुर्चीकडे, डोळे बारीक करून, दूरची पाटी वाचावी तसं. "आहेत का?" ती म्हणाली. आणि मग, घाईने, "हो हो. आहेत. मलाच चष्मा बदलायला हवा."

जाताना तिने चपला हातात घेतल्या आणि जिना अनवाणीच उतरली.

"ती बाई मला बघून न बघितल्यासारखं करते," बाबा म्हणाले. "दोनदा हाक मारली मी तिला."

७

दर रविवारी अकराला दादाचा व्हिडिओ कॉल यायचा. माऊने फोन स्टँडवर लावला, बाबांचे केस विंचरले, स्वेटर नीट केला आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

"दे बाबांना," दादा म्हणाला.

"समोरच आहेत की."

"अगं, खुर्ची दिसतेय नुसती. फोन वळव."

माऊने फोनच्या पडद्यावर कोपऱ्यातली आपली छोटी चौकट पाहिली. तिच्यात खुर्ची होती. खुर्चीवर स्वेटर होता का? काहीतरी तपकिरी होतं, धुरकट काचेतून बघावं तसं. तिने मान वर केली. समोर बाबा होते, हात हलवत होते, "काय रे, जेवलास का?" म्हणत होते.

"ऐकू येतंय का तुला?" माऊने विचारलं.

"तुझं येतंय." दादाचा चेहरा हळूहळू बदलला. "खरं सांग. बाबा घरात आहेत ना?"

"आहेत रे! माझ्यासमोर बसलेत!"

"मग दाखव."

तिने फोन उचलून बाबांच्या चेहऱ्यासमोर धरला. बाबा हसले.

"भिंत दाखवतेयस तू मला," दादा म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "तू स्वतः बरी आहेस ना? मी उद्या सकाळी निघतोय. संस्थेत फोन करून ठेवतो. त्यांना न्यायचंय तर न्यायचंय, पण आधी ते मला डोळ्यांनी दिसले पाहिजेत. कळलं?"

फोन बंद झाला. बाबा हात हलवतच होते, मग थांबले.

"मी कुठे चुकलो का माऊ?" त्यांनी विचारलं.

तेव्हा तिला कळलं. तिला वाटलं होतं, आपण मागच्या त्या दुसऱ्याला वजा केलं. पण पाटीला त्यातलं काय माहीत? एक वजा कर म्हटलं, तिने केला. कोणता, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

८

ती धावतच टेबलाशी गेली. पेन ड्राइव्ह, सोर्स, ती ओळ. घाईत दोनदा भलतीच ओळ निवडली गेली. शेवटचं '- १', आपल्या हाताने लिहिलेलं, तिने पुसलं. सात उरली. जपून ठेवलं. कंपाइल.

लिफ्ट कुठेतरी खाली थांबली, तिचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

"माऊ," मागून बाबा म्हणाले. दारात उभे होते. पाय ओढत आल्याचं तिने या वेळी ऐकलं होतं. "माऊ, जरा इकडे बघ बरं. मला कसंतरीच होतंय."

"एक मिनिट बाबा."

"अगं, नुसतं बघ."

"एकच मिनिट! तुमचंच करतेय."

पडद्यावर कंपाइल झाल्याची ओळ आली. तिने पाटी उघडली. कोपऱ्यात अक्षरं उमटली.

बघणारे: ३.

तीन. मी, तो, आणि बाबा. बाबा मोजले गेले! तिच्या घशातून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं, आणि ती वळली.

दारात कुणी नव्हतं.

हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम, बाबांची खोली. तिने घर पालथं घातलं. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटातले कपडे ओरबाडून काढले. बाहेरच्या दाराला आतून कुलूप तसंच होतं, किल्ली तिच्या गळ्यात. बाबांच्या चपला दाराशी. खुर्चीवर हात ठेवला, बसायची जागा अजून ऊबदार होती. "बाबा!" तिने हाक मारली. "बाबा, बोला ना!" लहान असताना मारायची तशीच हाक होती ती, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

दमून ती परत टेबलाशी आली, कारण जायला दुसरी जागा नव्हती. बसली. खिडकीकडे तोंड, खोलीकडे पाठ.

आकडा अजून तीनच होता.

९

किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीत ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कुणी गाद्या उन्हात टाकत होतं. ती न वळता बसून होती. वळून पाहिलं की मागे काही नसायचं. न वळता बसलं की दोघे असायचे. दोघांतले एक बाबा. कोणते, डावीकडचे की उजवीकडचे, ते कळायला मार्ग नव्हता. "बाबा," ती एकदा हळूच म्हणाली, आणि लगेच ओठ मिटले, कारण त्या हाकेला जर दुसऱ्याने ओ दिली असती तर?

तिने मास्तरांचा नंबर लावला.

"वजा केलंस?" त्यांनी एवढंच विचारलं.

"केलं. तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार होतो? मला खात्री कुठे होती? मी वजा केलं, आणि आठवड्याभरात ही... पोलीस आले, तिचा भाऊ आला, सगळ्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, योगायोग असेल. योगायोग असू शकतो ना?" म्हातारा माणूस धापा टाकत होता. "म्हणून तर मी पाटी पुढे दिली. घरात ठेवायची हिंमत नव्हती. तुझ्या हातात दिली, पोरी. मला क्षमा कर. घरात कोण होतं तुझ्या?"

"बाबा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी माझं वजा पुसलं," माऊ म्हणाली. "आकडा वाढला. पण ते दिसत नाहीत."

"वाढला?" मास्तरांचा आवाज एकदम बदलला. "पुसल्यावर वाढला? माझं... माझं अजून आहे तिथे?"

"आहे. शेवटचं."

"मी कधी पुसून नाही गं बघितलं. मला सुचलंच नाही." ते रडत होते हे आता लपत नव्हतं. "पुसतेस का? एकदाच. आणि किती दिसतं ते सांग मला."

माऊने सातवं '- १' पुसलं. आधीच्या सहांना हात लावला नाही. कंपाइल व्हायला तीन-चार सेकंद लागले.

"मास्तर," ती म्हणाली. "चार."

मग अगदी बारीक, घरातल्या माणसाशी बोलावा तसा आवाज आला.

"तिचे गुडघे दुखतात गं. अठरा वर्षं उभी असेल. खुर्ची आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"मी येतो. आत्ताच निघतो. दार उघडं ठेवशील?"

तिने गळ्यातली किल्ली काढून बाहेरच्या दाराचं कुलूप उघडलं आणि दार लोटून ठेवलं. आता ते बंद ठेवून कुणाला अडवायचं होतं? स्वयंपाकघरातून एक खुर्ची आणली, बाबांच्या खोलीतून त्यांची आणली, आणि नजर जमिनीवर ठेवून दोन्ही आपल्या खुर्चीमागे शेजारी शेजारी मांडल्या. एक मास्तरांच्या बायकोला, एक बाबांना. हॉलमध्ये तिसरी होती. ती तिने आणली नाही.

मग ती आपल्या जागी बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. आधी काहीच झालं नाही. मग मागे एक खुर्ची हलकेच करकरली, वय झालेलं माणूस हातांवर भार देत बसावं तशी. थोड्या वेळाने दुसरी. माऊच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "बसा बाबा," ती म्हणाली. "उद्या दादा येतोय. मी तुम्हाला कुठे जाऊ देणार नाही."

खाली लिफ्ट निघाली आणि वर येऊ लागली. आणि तेव्हा तिच्या स्वतःच्या खुर्चीची पाठ, अगदी सावकाश, मागे कलली. ज्याला बसायला जागा मिळाली नव्हती, त्याने दोन्ही हात त्या पाठीवर टेकले होते.

माऊने न वळता सोर्स उघडला, त्या ओळीच्या शेवटी कर्सर नेला आणि तिथेच थांबली.